नवीन झाडाला पाणी नक्की घालायचं कुठं?

उन्हाळा लागला की या पानाकडे येणारे बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीचे असतात, पावसाळ्यात हौसेने झाडं लावली आता पाण्याचं काय. म्हणून यावेळी तेवढेच घेतलेत. मोगऱ्याच्या कळ्या गळतात आणि कुंडीतला टोमॅटो धरत नाही वगैरे पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न: घरासमोर काळी जमीन आहे. गेल्या जुलैत आंब्याची दोन कलमं आणि एक लिंबू लावलं. रोज संध्याकाळी पाईपने पाणी देतो, एक दिवसाचाही खाडा नाही. तरी लिंबाची पानं पिवळी पडतायत आणि आंब्याची पानं मलूल होऊन लोंबतात. शेजारचे काका म्हणतात ऊन वाढलंय, पाणी कमी पडतंय, दोन वेळा द्या. द्यावं का? (जालना)

उत्तर: नका देऊ. काकांना माझा नमस्कार सांगा, पण दोन वेळा सुरू केलंत तर झाडं हातची जातील.

गंमत अशी आहे की पाणी कमी पडलेलं झाड आणि पाणी जास्त झालेलं झाड लांबून बऱ्यापैकी सारखंच दिसतं, दोन्ही मान टाकतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, माती सतत चिंब राहिली की मातीतली हवेची जागा पाणी घेतं, मुळं गुदमरून कुजायला लागतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, मग बुडाशी चिखल असूनही वर झाड तहानलेलं दिसतं आणि आपण घाबरून अजून पाईप सोडतो. जवळ जाऊन पान हातात घेतलं की फरक कळतो. पाणी कमी पडलं असेल तर पान कडेने करपतं, बोटांत चुरलं की कुरकुर वाजतं. जास्त झालं असेल तर पान मऊ राहतं, पिवळं पडतं, आणि साधारण खालची जुनी पानं आधी जातात.

तरी पानावर जाऊ नका, मातीवर जा. खोडापासून वीतभर अंतरावर खुरप्याने वीतभर खोल माती काढा. वरची माती बघून काही कळत नाही, एप्रिलमधे वरचा थर सकाळी ओला दुपारी पांढरा असा होतोच. खालची माती मुठीत दाबा. गोळा होऊन तळहाताला ओल लागली तर आज पाणी नाही. गोळा होतोय पण बोटाने टिचकी मारली की फुटतोय, तर उद्या परवा द्या. गोळाच होत नसेल तर आज द्या, आणि भरपूर द्या. मातीला आंबूस, गटारासारखा वास येत असेल तर समजा की मुळं आधीच कुजायला लागलीत, अशा वेळी आठ दहा दिवस पूर्ण पाणी बंद.

तुमच्याकडे अजून एक शंका येते. काळ्या जमिनीत खड्डा खणून त्यात पोयटा आणि शेणखत भरलं असेल तर आतली माती मोकळी आणि भोवतीची चिकण, म्हणजे त्या खड्ड्याची टाकी होते. पाणी आत शिरतं पण बाहेर जायला वाट नाही. पुढच्या वेळी झाड लावण्याआधी खड्डा पाण्याने भरून ठेवा, दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर तिथे खड्ड्यात लावूच नका, मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. आत्ताच्या झाडांसाठी आळं एका बाजूने फोडून ठेवा, माती वाळू द्या, आणि मग एकदम पंधरा लिटर असं पाणी द्यायला लागा. काळ्या मातीत भर उन्हाळ्यातसुद्धा ते बरेच दिवस पुरतं, पण तारीख ठरवू नका, खुरपं घ्या. आणि उलटं टोकही गाठू नका, काळी माती फार वाळली की भेगा पडतात, बारीक मुळं तुटतात आणि घातलेलं पाणी भेगेतून थेट खाली निघून जातं. भेगा दिसल्या की आधी खुरपून बुजवायच्या, मग पाणी.

लिंबाचं वेगळं सांगते. लिंबाच्या खोडाला पाणी टेकता कामा नये, नाहीतर बुरशीने डिंक्या होतो, खोडातून डिंक गळतो आणि साल कुजते. म्हणून संत्र्या-लिंबाच्या बागेत दुहेरी आळं करतात. खोडाभोवती मातीचा एक लहान गोल बांध, त्याच्या बाहेर दुसरा मोठा, आणि पाणी फक्त दोघांच्या मधल्या पट्ट्यात. तुमच्या एका लिंबाला अर्ध्या तासाचं काम आहे. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावून घ्या. आणि कुणी सांगितलं की लिंबाला ताण द्या, म्हणजे काही दिवस पाणी तोडा, की बहार येईल, तर ते मोठ्या झाडांचं आहे, पहिल्या वर्षाच्या रोपाला ताण म्हणजे उपासमार.

प्रश्न: सोसायटीत ऑक्टोबरमधे मोठी झाडं आणून लावली, सात आठ फुटांची, म्हणजे लगेच सावली मिळेल. माळी रोज आळं भरतो, मी स्वतः बघते. तरी काही झाडं वाळून गेली. नर्सरीवाला म्हणतो पाणी नीट दिलं नाही, माळी म्हणतो माल खराब होता, कमिटीच्या मीटिंगमधे नुसती भांडणं. नक्की चूक कुणाची? (पुणे)

उत्तर: ताई, पंचनामा करायला मी नाही बसले, पण एक मेलेलं झाड उपटून बघा, बरंच कळेल.

माझा अंदाज, पिशवीच्या आकाराचा मातीचा गोळा जसाच्या तसा निघेल आणि तो आतून कोरडा असेल, भोवतीची जमीन ओली असूनही. सात आठ फुटी झाडाची सगळी मुळं सुरुवातीला त्या पिशवीएवढ्याच जागेत असतात, बाहेरच्या मातीत एकही मूळ गेलेलं नसतं. आणि पाणी आपोआप बाहेरून आत जातं असं आपल्याला वाटतं, ते तसं होत नाही. गोळा कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुश्याचा) असेल तर तो मोकळा, बारीक कणांची बाहेरची माती पाणी घट्ट धरून बसते, कोकोपीटला देत नाही. शिवाय कोकोपीट एकदा पूर्ण वाळलं की पाणी आत घेईनासं होतं, वरून ओतलेलं कडेने ओघळून जातं. गोळा लाल मातीचा असेल तर तो वाळून इतका कडक होतो की खुरपंही आत शिरत नाही. दोन्हीकडे आळं तुडुंब, मुळं कोरडी.

आणि पिशवी काढली होती का हो? हसू नका, काळी प्लास्टिकची पिशवी नुसती खालून फाडून तशीच खड्ड्यात ठेवलेली झाडं सर्रास निघतात, कंत्राटावर लावलेली असतील तर हमखास. मुळं आतल्या आत गोल गोल फिरत राहतात.

जी जगलीत त्यांच्यासाठी असं करा. मोठ्या आळ्याच्या आत, पिशवीच्या गोळ्याएवढंच एक छोटं आळं करायला सांगा. पाणी आधी त्यात. एक बादली सावकाश, मुरू द्यायची, दहा मिनिटांनी दुसरी. एका दमात ओतलं की वरचे दोन इंच भिजतात आणि बाकी रस्त्यावर. पाईप असेल तर तोंडाला बारदानाचा तुकडा बांधा नाहीतर धारेने माती उडून वरची मुळं उघडी पडतात. लावल्यापासून पहिले दोन महिने हे असं, नंतर बाहेरचं आळं भिजवायला लागायचं आणि दर काही महिन्यांनी आळं रुंद करत जायचं, कारण मूळ ओलीच्या मागे जातं, तुम्ही खोडाशीच पाणी घालत राहिलात तर ते बाहेर कशाला जाईल. लावून सहा महिने झाले म्हणजे तुमचं बाहेरचं आळं आत्ता सुरू झालेलं असायला हवं होतं, पण गोळाच कधी भिजला नसेल तर आधी तोच भिजवा.

बाकी सात आठ फुटी झाडांचा हट्ट मला पटत नाही. वर पानांचा एवढा संसार आणि खाली मूठभर मुळं, त्यांचं जमिनीत बस्तान बसायला जास्त वेळ लागतो, तोपर्यंत जूनमधे लावलेलं तीन फुटी रोप कित्येकदा त्यांच्या बरोबरीला येतं, पैसेही वाचतात. आणि ऑक्टोबरमधे लावलं म्हणजे पावसाचा सगळा फुकटचा काळ गेला, मुळं सुटायच्या आत ऊन आलं.

प्रश्न: चिपळूणजवळ गावाला जमीन आहे, तिथे हापूसची कलमं आणि थोडे काजू लावलेत. आम्ही मुंबईला, पंधरा दिवसांनी एकदाच जाणं होतं. विहिरीला मार्चनंतर पाणी कमी. काही उपाय? (डोंबिवली)

उत्तर: आहे, पण कष्टाचा आहे आणि तो एकदाच करायचा आहे.

कोकणातली जांभ्याची जमीन म्हणजे पाणी घातलं की खाली पसार. जालन्याच्या वाचकांना सांगितलं त्याच्या बरोब्बर उलट, तुमच्याकडे एकदम तीन बादल्या ओतून उपयोग नाही, थोडं थोडं आणि सतत मिळायला हवं. त्यासाठी मडकं. साधं भाजलेलं मातीचं मडकं घ्या, रंगवलेलं किंवा चकचकीत झिलईचं नको, त्यातून पाणी झिरपत नाही. सात आठ लिटरचं पुरे. कलमापासून साधारण फूटभर लांब, गळ्यापर्यंत पुरा, भोवती माती चांगली दाबा, पोकळी राहिली तर झिरपणारं पाणी मुळाला टेकतच नाही. भरून वर झाकण. झाकण विसरू नका, उघडं मडकं म्हणजे डासांची पैदास, शिवाय सरडे बेडूक पडून मरतात. माती कोरडी असेल तसं पाणी जास्त झिरपतं आणि ओली असेल तर कमी, म्हणजे मडकं आपलं आपणच हिशोब ठेवतं. पण पंधरा दिवस एक मडकं पुरेल असं समजू नका, एप्रिल-मेमधे नाही पुरत. प्रत्येक कलमाला दोन्ही बाजूंना एक एक लावा आणि वाडीतल्या कुणाला तरी मधे एकदा भरायला सांगा, रीतसर पैसे देऊन, आंबे देतो पुढे असं सांगून नव्हे.

त्याहून महत्त्वाचं आच्छादन. पातेरा म्हणजे वाळका पाला, भाताचा पेंढा, सुकं गवत जे मिळेल ते, चांगलं चार बोटं जाड पसरा, मात्र खोडाला चिकटवू नका, वीतभर जागा मोकळी सोडा. उघडी जमीन आणि झाकलेली जमीन यात ओल टिकण्याचा फरक हाताला कळतो, पंधरा दिवसांनी जाल तेव्हा पातेरा बाजूला सारून बोट घालून बघा. वाळवीचा त्रास असेल तर खाली थोडी निंबोळी पेंड टाका. आणि कोकण आहे म्हणून सांगते, सुकं आच्छादन आणि वणवा यांचं जमत नाही. जमिनीच्या कडेने आणि कलमांच्या भोवती गवत काढून मोकळा पट्टा ठेवा. पाण्यापेक्षा वणव्याने गेलेली कलमं जास्त हळहळ लावतात.

दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन अडवायला नारळाच्या झापा त्या बाजूने तिरक्या रोवा. झाडाचं ऊन कमी झालं की त्याची पाण्याची मागणीच कमी होते. काजूला एवढं करावं लागत नाही, पहिला उन्हाळा सांभाळा, पुढे तो बराच सोसतो.

प्रश्न: आरओचं वाया जाणारं पाणी आणि एसीचं पाणी झाडांना चालतं का? (ठाणे)

उत्तर: एसीचं चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात, फक्त अगदी थंडगार थेट ओतू नका. आरओच्या सांडपाण्यात मात्र मूळ पाण्यातले क्षार घट्ट झालेले असतात. महापालिकेचं मऊ पाणी असेल तर मोठ्या झाडांना अधूनमधून खपून जातं, पण बोअरचं पाणी असेल तर त्याने लादी पुसा. नव्या रोपाला नकोच, पानांची टोकं जळायला लागतात आणि मातीवर पांढरा थर येतो. आणि सोसायटीत वॉटर सॉफ्टनर बसवला असेल तर त्याचं पाणी बागेला अजिबात नको, त्यातलं सोडियम माती घट्ट करून टाकतं, सॉफ्टनरच्या आधीचा नळ शोधा. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खुशाल घाला.

प्रश्न: कंपाउंडला ठिबक बसवलंय. एकाच लाईनवर जास्वंद, तगर, बोगनवेल आणि कोपऱ्यात कडुनिंब आहे. रोज सकाळी दहा मिनिटं टायमर लावलाय. बोगनवेलीला फुलं नाहीत नुसती पानं, आणि जास्वंद दुपारी झोपते. टायमर वाढवू का? (अमरावती)

उत्तर: आधी गणित करू. ड्रिपर बहुतेक चार लिटरचा असेल, म्हणजे तासाला चार लिटर. दहा मिनिटांत किती पडलं, पाऊण लिटरही नाही. अमरावतीच्या मे महिन्यात एवढ्याने वरचा थर ओला होतो आणि दुपारपर्यंत उडून जातो, खाली काही जात नाही, मग मुळं पण वरच्या थरातच घुटमळतात आणि तोच थर सगळ्यात जास्त तापतो. ठिबक बसवलेल्या घरी हे फार बघायला मिळतं, पाणी रोज दिल्याचं समाधान असतं आणि झाड उपाशी.

रोज दहा मिनिटांऐवजी एक दिवसाआड दीड दोन तास चालवा. दोन तासांत एका ड्रिपरमधून आठ लिटर पडतं, ते खोल जातं. मग दुसऱ्या दिवशी खुरप्याने खणून ओल किती खाली गेली ते बघा आणि त्याप्रमाणे वेळ कमीजास्त करा. जास्वंद दुपारी मान टाकते पण संध्याकाळी सावरते का? सावरत असेल तर घाबरू नका, पंचेचाळीस डिग्रीत पान जेवढं उडवतं तेवढं मूळ भर दुपारी पुरवू शकत नाही. सकाळी सात वाजता पण मान खाली असेल तर मात्र ती खरी तहान.

बोगनवेल त्या लाईनवरून काढाच. तिला थोडं कोरडं ठेवल्याशिवाय ती रंगात येत नाही, जमिनीत रुजली असेल तर तिचा ड्रिपर बंद करून टाका आणि पंधरवड्याने एकदा बादलीने पाणी द्या. कडुनिंबाला एक ड्रिपर नाही पुरत, दोन तीन लावा आणि खोडापासून फूट दीड फूट लांब गोलात ठेवा, पुढच्या वर्षी अजून लांब सरकवा. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपर क्षाराने चोंदतात, महिन्यातून एकदा खाली वाटी ठेवून प्रत्येकातून पाणी येतंय का बघा, फिल्टर धुवा, आणि लाईनच्या शेवटची एंड कॅप काढून पाणी जोरात सोडून द्या, काय काय घाण निघते ती बघाच.

प्रश्न: पावसाळ्यात लावलेल्या झाडांना पावसाळ्यातच पाणी घालायला लागतं का? आमच्याकडे सगळे हसतात. (सातारा)

उत्तर: हसू देत. ऑगस्टमधे पावसाचा पंधरा पंधरा दिवस खंड पडतो तेव्हा ऊन जवळजवळ मे सारखं भाजतं आणि रोपाचं मूळ अजून पिशवीएवढंच असतं. साधा हिशोब लक्षात ठेवा, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. दिवसभर भुरभुर झाली, अंगण ओलं झालं, आणि पेपरात बघितलं तर तीन मिलिमीटर, म्हणजे तुमच्या रोपाच्या छोट्याशा आळ्यात लिटरभर सुद्धा पडलं नाही, त्यातलंही काही पानांवरच अडलं. पाच सहा दिवस धड पाऊस नसेल तर खुरपं घेऊन बघा आणि लागलं तर एक बादली द्या.

प्रश्न: गेल्या वर्षी लावलेल्या बहाव्याची सगळी पानं मार्चमधे गळाली. रोज पाणी घालतोय तरी पालवी नाही. मेला का? (सोलापूर)

उत्तर: बहावा उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळतोच, पळस गाळतो, कडुनिंब पण गाळतो. नखाने फांदीची साल जराशी खरवडा, खाली हिरवं आणि ओलसर दिसलं तर जिवंत आहे. तपकिरी कोरडं असेल तर थोडं खाली खरवडा, कधी कधी शेंडा वाळतो आणि बुडातून फुटतो. आणि रोज पाणी बंद करा, पानंच नाहीत तर पाणी उडवणार कोण.

प्रश्न: हे सगळं किती वर्षं करायचं? वडिलांचं वय झालंय, रोज बादल्या उचलवत नाहीत. (नाशिक)

उत्तर: वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ असली आपल्या हवेतली झाडं असतील तर पहिला उन्हाळा मन लावून, दुसरा अंतर वाढवत, तिसऱ्यात महिन्यातून दोनदा भरपूर. त्यानंतर बहुतेक ठिकाणी ती स्वतःचं स्वतः बघतात. मुरमाड जागा असेल तर अजून एक वर्ष धरा. फुलझुडपं लवकर रुजतात पण जास्वंद, मोगरा, अनंत यांना उन्हाळ्यात कायमच पाणी लागतं, ती सुटका नाही.

पाणी एकदम बंद करू नका हे मात्र बघा. तिसऱ्या वर्षी मेमधे गावाला गेलो आणि आलो तर झाड वाळलं, अशी पत्रं दरवर्षी येतात. रोज उथळ पाण्यावर वाढवलेल्या झाडाचं मूळ खाली गेलेलंच नसतं. म्हणून दोन पाण्यांतलं अंतर आत्तापासून हळूहळू वाढवायचं, पाणी द्याल तेव्हा जास्त द्यायचं. आणि वडिलांना बादल्या देऊच नका, वीस लिटरच्या जुन्या कॅनला बुडाशी खिळ्याने बारीक भोक पाडा, कॅन आळ्यात ठेवा, त्यात पाईप सोडून भरा आणि निघून या. दोन तीन तासांत आपोआप रिकामा होतो. दुसऱ्या दिवशी पुढच्या झाडाला सरकवायचा, रिकामा कॅन त्यांना सहज उचलेल.